तेरावा झाल्यावर शेजाऱ्यांनी काय करायचं?

मुंबईतल्या एका जुन्या चाळीत राहणाऱ्या ४२ वर्षांच्या वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देत आहोत.

त्यांच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ ऑक्टोबरमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. वय ४७. मागे पत्नी (ताई त्यांना वहिनी म्हणतात, आणि गेलेल्या गृहस्थांना दादा), दहावीतली मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि वहिनींच्या ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत. तेराव्यापर्यंत सगळी चाळ त्या घरात होती. चहा, पिठलं-भाकरी, आल्यागेल्याची झोपायची सोय, कशात काही कमी पडलं नाही. त्यानंतर जाणं कमी होत गेलं. ताई स्वतः गेल्या दोन महिन्यांत एकदाही त्या घराचा उंबरा ओलांडून आत गेलेल्या नाहीत. "काय बोलावं तेच कळत नाही," त्या लिहितात. वहिनी आता पहाटे सगळ्यांच्या आधी पाणी भरून दार लावून घेतात. त्यांना एकटं राहायचं असावं, असं ताईंना वाटतं. मधल्या काळात ताईंच्या घरी नवी स्कूटर आली, तर पेढे गुपचूप वाटले गेले. आता संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. "वहिनींना बोलावू नये, त्यांनाच वाईट वाटेल," असं मजल्यावरच्या बायकांनी ठरवलं आहे. ताईंना ते पटत नाही, पण विरोध करायचा धीरही होत नाही. १४ वर्षांचा शेजार आहे. काय करू, असं त्या विचारतात.

ताई,

तेराव्यापर्यंत तुमची चाळ चुकली नाही, कारण त्या तेरा दिवसांत काय करायचं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मातीला कोण जाईल, गावी फोन कोण करेल, त्या घरात चूल पेटत नाही म्हणून पहिला घास कोणाकडून जाईल, सावडायला कोण, दहाव्याला कोण. कोणाला विचारावं लागत नाही. चौदाव्या दिवसापासून मात्र काहीच ठरलेलं नसतं. ठरलेलं काम संपलं की माणूस दारातच अडखळतो आणि त्या अडखळण्याला "त्यांना एकांत हवा असेल" असं नाव देतो. तुमचं तसंच झालं असावं असं मला वाटतं. यात तुमच्या मायेत काही कमी नाही. हातात काम उरलं नाही, एवढंच.

वहिनी पहाटे पाणी भरतात यावरून त्यांना कोणी नको आहे, असा अर्थ तुम्ही काढलात. दुसराही अर्थ निघतो. नळावर सहा बायका असतात. वहिनी आल्या की बोलणं थांबतं, किंवा रोज कोणीतरी विचारतं, "झोप लागते का?" दोन्ही सोसत नाही म्हणून माणूस वेळ बदलतो. त्यांना टाळायचं आहे ते घोळक्याला असेल. तुम्हाला एकटीला नाही. हे ताडत बसण्यापेक्षा विचारून पाहा.

तुमची दुसरी समजूत अशी, की आत जायचं तर काहीतरी बोलायला हवं. काही नाही बोललात तरी चालतं. संध्याकाळी दादा ज्या वेळेला कामावरून यायचे, साडेसात म्हणा, ती वेळ त्या घरात रोज जड जात असणार. जिन्यावर पाय वाजले की कान तिकडे जातात. त्या वेळेला मेथीची जुडी किंवा निवडायचे तांदूळ घेऊन जा आणि निवडत बसा. हातात काम असलं की गप्प बसणं अवघडल्यासारखं होत नाही. वीस मिनिटं पुरतात. पाऊण तासाच्या वर बसू नका, त्यांना जेवणाचं बघायचं असतं आणि "आता जा" असं त्या तुम्हाला कधीच म्हणणार नाहीत.

पहिल्या दिवशी मात्र एक गोष्ट बोलून टाका. "वहिनी, मी आले नाही. चुकलं माझं. काय बोलावं कळत नव्हतं." इतकंच. कारणं सांगू नका, आणि होता होईतो त्यांच्या गळ्यात पडून रडू नका, नाहीतर तुमची समजूत काढायचं काम त्यांच्यावर येतं. डोळे भरून आले तर येऊ द्या.

पुढे दादांचं नाव घ्या. लोक मुद्दाम घेत नाहीत, आठवण येईल म्हणून. पण आठवण आधीच आलेली असते, गेलेली नसतेच. "आज पोहे केले, दादांना वरून ओलं खोबरं लागायचं ना," असं साधं वाक्य पुरतं. वहिनी रडल्या तर तुम्ही रडवलंत असं समजू नका. टाळायची वाक्यंही सांगते: "देवाची मर्जी", "मुलांकडे बघून सावरायचं आता", "त्रास न होता गेले, सुटले", "आमच्या मामांचंही असंच झालं", "आधीच डॉक्टरला दाखवायला हवं होतं". शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट, कारण तो विचार त्या घरात रोज रात्री येतच असतो. आणि त्या मुलाला कोणी "आता तूच घरातला कर्ता" म्हणाला तर तिथल्या तिथे थांबवा. नऊ वर्षांचं पोर ते खरं मानतं आणि आईसमोर रडायचं बंद करतं.

"काही लागलं तर सांगा" हे आपण सगळेच म्हणतो आणि कोणीच कधी सांगत नाही. काय लागतं ते आठवायचं, मग ते मागायचं, ही दोन्ही ओझी आपण दुःखातल्या माणसावर टाकतो. त्यापेक्षा एक काम, वार आणि वेळ ठरवून सांगा. "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीचं जेवण माझ्याकडून. चालेल ना?" चार माणसांना बारा पोळ्या, अर्धा किलोची एक भाजी आणि वाटीभर डाळीचं वरण पुरतं. तिखट किती ते मुलांना विचारा. डबा पाठवताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान साखरेची चिमूट तरी घालतात. त्यामुळे तुमच्या प्रत्येक डब्याबरोबर वहिनींच्या डोक्याला एक काम लागतं. म्हणून डबा तिथेच त्यांच्या भांड्यांत काढून द्या आणि लगेच उचलून घरी आणा. मजल्यावरच्या आणखी दोन-तीन घरांशी बोलून वार वाटून घ्या, म्हणजे एका दिवशी चार डबे आणि पुढचे तीन दिवस काहीच नाही, असं होणार नाही. हे किती दिवस, तेही आधी सांगा, उदाहरणार्थ मार्चअखेरपर्यंत. मुदत सांगितली की घेणाऱ्याला उपकाराचं ओझं कमी वाटतं आणि देणारा मध्येच दमून गायब होत नाही.

मार्चअखेर म्हणण्याचं कारण मुलीची दहावी. बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे, घर एका खोलीचं आहे आणि भेटायला येणारे अजून येतच असतील. तुमच्या घरी संध्याकाळचे दोन तास टीव्ही बंद ठेवून तिला बसायला जागा दिलीत, तर या घडीला त्याहून मोठी मदत क्वचितच कोणी करू शकेल. तिला अभ्यासाबद्दल विचारू नका. पाणी आणि पंखा द्या, बस. मुलाला तुमच्या यजमानांनी रविवारी बाकीच्या मुलांबरोबर खेळायला न्यावं. मूल हसत-खेळत दिसलं म्हणजे विसरलं, असं नसतं. मुलं दुःखात शिरतात आणि बाहेर येतात, दिवसातून कितीतरी वेळा. वारंवार पोट दुखणं, अंथरूण ओलं होणं, आई दुकानात गेली तरी घाबरणं, हे आठवडेच्या आठवडे चाललं तर शाळेतल्या समुपदेशकांशी किंवा मुलांच्या डॉक्टरांशी बोलायला वहिनींना सुचवा.

सासूबाईंचा पत्रात एकाच ओळीत उल्लेख आहे. त्यांचा मुलगा गेला आहे. भेटायला येणारे सुनेची चौकशी करतात आणि म्हातारीला नुसता नमस्कार करतात. तुम्ही गेलात की पाच मिनिटं त्यांच्याजवळही बसा आणि त्यांना मुलाच्या लहानपणाचं विचारा. त्या तेच तेच सांगतील. ऐका. सासू-सुनेचं दुःख एकाच खोलीत असलं तरी एकसारखं नसतं. एक रडते तेव्हा दुसरीला गप्प बसावंसं वाटतं, मग "हिला काहीच वाटत नाही" असे गैरसमज होतात. बाहेरचं एखादं माणूस दोघींचं ऐकणारं असलं तर ते वाढत नाहीत.

आता कागदपत्रांचं. शेजारी यात पडत नाहीत, पैशाचा विषय म्हणून. पण वहिनी कदाचित बँकेत एकट्या जात असतील. सोबत जा, रांगेत उभ्या राहा, आकडे विचारू नका. एका दुपारी त्यांच्याबरोबर बसून एक पिशवी करा: मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती (पालिकेकडून जास्तीच्या प्रती मिळतात), दादांचं आणि घरातल्या सगळ्यांचं आधार, पॅन, रेशनकार्ड, पासबुकं, विम्याची कागदं, घरभाड्याच्या पावत्या. मूळ कागद कुठल्याच खिडकीवर सोडून यायचे नाहीत. कुठे मूळ द्यावंच लागलं तर पोच घ्यायची.

दादांचा मोबाइल नंबर बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. बँक, भविष्य निर्वाह निधी, विमा, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि नंबर गेला की काम महिनोन्‌महिने अडतं. (तो फोन आता वहिनींच्या हातात असतो, हे चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विनोद टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. दादांचा नंबर ग्रुपमधून काढायचा का, हेही आधी त्यांना विचारा, परस्पर काढू नका.) दादांच्या एटीएम कार्डाने मात्र पैसे काढायचे नाहीत. घरातलेच पैसे असले तरी मृत्यूनंतर तसं करणं पुढे वारसांमध्ये वादाचं कारण ठरतं. खात्याला नॉमिनी असेल तर दाखला आणि ओळखीची कागदं दिल्यावर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. शाखेत "साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकू आलं तर अर्ज लेखी द्या आणि प्रतीवर तारखेसह शिक्का मागा.

पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसतात का ते बघा. तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता आहे. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी त्यात २ लाख रुपये मिळतात, आणि कितीतरी घरांना तो विमा होता हेच माहीत नसतं. दावा त्याच बँकेत करायचा, आणि तो लवकर करायची अपेक्षा असते, म्हणून हे काम आधी घ्या. दादा खासगी कंपनीत असतील आणि भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर मागण्या तीन: निधीची रक्कम (फॉर्म २०), पत्नीचं आणि मुलांचं निवृत्तिवेतन (१०-डी) आणि निधीला जोडलेला विमा (५-आयएफ), ज्याची कमाल मर्यादा ७ लाख आहे. मृत्यूच्या दाव्यासाठी एकत्रित फॉर्मही आहे. मुलांचं निवृत्तिवेतन वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत मिळतं. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं नोकरीची अट असते, पण कामगार सेवेत असताना वारला तर ती अट लागत नाही. कंपनीतलं कोणी "पाच वर्षं भरली नाहीत" म्हणालं तर हे सांगा.

चाळीची खोली पागडीची असेल तर तिकडेही वेळेत लक्ष द्या. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो. म्हणून पावती नावावर करण्याचा अर्ज मालकाकडे लेखी द्यायचा, सोबत राहत असल्याचे पुरावे म्हणून रेशनकार्ड आणि आधार जोडायचं. तोवर भाडं थकवायचं नाही. पावती कोणाच्या नावाने, यावर सासू-सुनेने आधी घरात एकमत करावं. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की हाच कागद सगळे मागतात.

आणि एक गोष्ट जपून, पण स्पष्ट सांगा: पहिल्या वर्षात हक्कसोडपत्रावर सही नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई, चौघांना समान हिस्सा आहे. गावच्या जमिनीसाठी "फक्त एक सही हवी" म्हणून कोणी आलं तर त्याच्या मनात वाईटच असेल असं नाही, पण "वकिलांना दाखवून सांगते" एवढं वाक्य वहिनींच्या तोंडी तयार असू द्या. वकिलांची फी परवडणार नसेल तर बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ला मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. त्याची चौकशी महिला व बालविकास कार्यालयात करायची.

एवढं सगळं तुम्ही एकटीने करायचं नाही, ताई. यातलं तुम्हाला झेपेल असं एक-दोन घ्या. बँकेच्या कामाला तुमच्यापेक्षा तरबेज कोणीतरी मजल्यावर असेलच.

आता हळदीकुंकू. "त्यांनाच वाईट वाटेल" हे मजल्यावरच्या बायकांनी वहिनींना न विचारता ठरवलं आहे. खरं तर त्यांना बोलावल्याने वाईट वाटेल की शेजारच्या खोलीतून हसण्याचे, बांगड्यांचे आवाज येत असताना दार लावून बसल्याने, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. एका गावाला जमलं ते एका मजल्याला जमावं.

पण सावकाश जा. वहिनी तुमच्या सुधारणेचा नमुना नाहीत. त्यांचं दुःखाचं वर्ष चालू आहे, त्या वर्षात सण करायचे नाहीत असं त्या स्वतः मानत असतील, सासूबाई मानत असतील, किंवा गर्दीत बसायची ताकदच नसेल. म्हणून तीन-चार दिवस आधी एकट्या जा आणि म्हणा, "आम्ही शनिवारी करतोय. तुम्ही यावं असं मला मनापासून वाटतं. नाही आलात तरी तिळगूळ घेऊन मी येणारच." मग थांबा. लगेच "नाही जमलं तरी चालेल हं" अशी पुस्ती जोडू नका, त्यातून त्यांना नकोच असल्याचा अर्थ निघतो. येते म्हणाल्या तर हळदीकुंकू लावू का, हे तिथेच विचारून घ्या. चार जणींसमोर करंडा हातात घेऊन विचारण्यासारखी अवघड जागा दुसरी नाही. सासूबाईंच्या कानावरही वहिनींच्या समोरच घाला. मागाहून कळलं तर त्याचा त्रास वहिनींनाच होईल.

मजल्यावर कोणी ज्येष्ठ बाई कुरकुरल्या तर भर कार्यक्रमात वाद घालू नका, आधीच त्यांच्या घरी जाऊन बोला. "माझ्या घरी मी बोलावतेय" एवढं सांगायचा हक्क तुम्हाला आहेच. फारच विरोध झाला तर यंदा तुमच्या घरी नुसता तिळगूळ समारंभ ठेवा. सगळ्या बायका, मुली, आज्या, वाण सगळ्यांना एकच. हळदीकुंकवाइतकं ते नेमकं नाही, पण त्यात कोणाला वेगळं बसवावं लागत नाही.

स्कूटरचे पेढे तुम्ही गुपचूप वाटलेत ते त्यांना दुखवू नये म्हणून. पण चाळीत काही लपत नाही. आपल्याला पाहून लोक आवाज खाली करतात, हे त्यांच्या लक्षात येतंच, आणि ते पेढ्यांपेक्षा जास्त लागतं. पुढच्या वेळी चांगली बातमी त्यांना सगळ्यांच्या आधी, तुमच्या तोंडून, एकांतात कळू द्या. त्या कदाचित नुसती मान हलवतील.

काळजी कधी करायची, तेही विचारायला हवं. तीन महिन्यांनी रडू येणं, भूक नसणं, दादांचा शर्ट जवळ घेऊन झोपणं हा आजार नाही. मोठ्या माणसांचं दुःख सहा महिने ते वर्ष उलटल्यावरही रोजचं जगणं अडवत राहिलं, तर डॉक्टर त्याला उपचार लागणारं दुःख म्हणतात. मात्र सलग कित्येक दिवस झोप आणि जेवण तुटणं, मुलांकडे लक्षच न जाणं, वस्तू वाटून टाकणं, "मीही गेले असते तर बरं" असं बोलणं, यांतलं काही दिसलं तर वर्षाची वाट बघायची नाही. सरळ विचारा, "वहिनी, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाल्या तर एकटं सोडू नका, घरातल्या मोठ्यांना सांगा आणि पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात घेऊन जा. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो तुमच्याही फोनमध्ये ठेवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमचे यजमानही ४७ चे आहेत आणि रात्री त्यांचा श्वास चालू आहे ना ते तुम्ही बघता. त्या घरात पाऊल न पडण्याचं एक कारण हेही असेल. ही भीती वहिनींना सांगायची नाही, पण यजमानांना जरूर सांगा. या आठवड्यात त्यांचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, डॉक्टरांनी सांगितला तर ईसीजीही काढा.

मंगळवारपासून सुरुवात करा. साडेसातला, मेथीची जुडी घेऊन. वहिनींनी दार उघडलं नाही तर "शुक्रवारी येते" असं दाराबाहेरून सांगा आणि शुक्रवारी जा.